एका घराचे दोन वॉर्ड

"मॅडम, सही करा आणि मोकळ्या व्हा," म्हणत तहसीलदारांनी नकाशा माझ्यापुढे सरकवला. एक्क्याण्णवच्या जनगणनेनंतर ग्रामपंचायतींचे वॉर्ड नव्याने पाडायचे होते. धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्यात मी तेव्हा नायब तहसीलदार होते.

काम सोपं वाटतं. नवी लोकसंख्या घ्यायची, आणि प्रत्येक सदस्यामागे साधारण सारखी माणसं येतील अशा हद्दी आखायच्या. हद्द रस्ता, गल्ली, नाला बघून न्यायची. जनगणनेत एका प्रगणकाने मोजलेल्या घरांचा गट शक्यतो फोडायचा नाही.

या नकाशात नाल्याकाठची बौद्धवस्ती तीन वॉर्डांत वाटली होती. वस्ती एकत्र राहिली तर तिथला माणूस हमखास निवडून येणार. तीन तुकडे केले की तिची मतं कुठेच पुरत नाहीत.

"साहेब, ही रेघ कुणी काढली?"

"तलाठ्याने. सरपंच नानांना विचारून. लोकसंख्या जुळतेय ना? मग झालं."

मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने गाव गाठलं आणि तलाठ्याला घेऊन नकाशातल्या रेघेवरून चालायला लागले. रेघ एका घराच्या मधल्या भिंतीवर जाऊन आदळली. ओट्यावर म्हातारी अक्का बोंडांतला कापूस काढत बसली होती. दोन मुलं, दोन दारं, चूल एकच.

प्रकार कळला तशी ती ताडकन उठली. "बाई, घर एक शे, चूल एक शे. मंग मोठा इकडे अन् धाकला तिकडे? बठ्ठी, सारी वस्ती एक शे आमनी!"

तलाठ्याने नकाशा गुंडाळला.

परत येऊन मी हे सगळं लिहून दिलं. तहसीलदारांनी माझा कागद बाजूला ठेवला आणि स्वतःच्या सहीने प्रारूप, म्हणजे कच्ची रचना, प्रसिद्ध केली. हरकतीची नोटीस लावली ग्रामपंचायतीच्या आतल्या खोलीत. खोलीला कुलूप! माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. अक्काचा मोठा मुलगा शाळेत शिक्षक होता. त्याला निरोप धाडला, "मुदतीत हरकत द्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका."

त्याच्या हरकतीची सुनावणी तहसीलदारांच्या वरच्या साहेबांपुढे, प्रांतांपुढे झाली. नाना म्हणाले, "कागदावर सगळं बरोबर आहे." मी जनगणनेचा नकाशा टेबलावर पसरला. वस्तीचा गट त्यात एकसंध होता.

प्रांतांनी तहसीलदारांना विचारलं, "तुम्ही जागेवर गेला होतात?"

"तलाठ्याचा अहवाल होता, सर."

"अहवालाचं नाही विचारलं मी."

प्रांतांनी रेघ बदलायला लावली. वस्ती एका वॉर्डात आली आणि निवडणुकीत अक्काची मोठी सून सदस्य झाली.

रेघ काढणाऱ्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मेमो मात्र मला आला, परवानगीशिवाय मुख्यालय सोडल्याचा!

पुढे माझी जळगाव जिल्ह्यात बदली झाली. तिथेही असाच एक नकाशा सहीला आला. मी आधी दौऱ्याची लेखी परवानगी घेतली, मगच गावात गेले. सरकारी नोकरीत खरं बोलायचं असेल, तर आधी आपले कागद पुरे असावे लागतात.