तिसरा डबा

डोळ्यांच्या दवाखान्यात भेटलेल्या त्या माणसाचं नाव विचारायला मला लाज वाटली. सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि चिठ्ठीवर उजवा छापून आला होता. कॉम्प्युटरात सगळ्याच पेशंटांचे डोळे उलट्या रकान्यांत भरले गेले होते. सासूबाई ओरडल्या, "माह्या चांगल्या डोयाले हात लावला तं याद राखा!"

दुरुस्तीला तो कॉम्प्युटरवाला शेगावहून आला. बोटं सदऱ्याला पुसून टाइप करायला बसला. मी पाहत उभी होते, तर म्हणाला, "ताई, दोन डब्यांतल्या डाळी अदलाबदल करायच्या, तं काय लागते?"

"तिसरा डबा," मी हळूच बोलले.

"हाव, कॉम्प्युटरले तेच लिहून राह्यलो, एक रकाना आधी तिसरीकडं ठेव, मंग अदलाबदल कर. एका दमात सगळ्यांचं सुधरते."

बटण दाबून त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. काम झाल्यावर तो उठून सासूबाईंजवळ आला. "मशीन तं मी सांगतलं तेच करते, आजी. तुमी सांगा, कोणता डोळा?"

सासूबाईंनी डाव्या डोळ्यावर हात ठेवला. नव्या चिठ्ठीतही डावाच होता. तेव्हा कुठं मला भूक लागल्याचं कळलं. मी भाकरीचा डबा उघडला आणि पहिली चतकोर त्याच्यापुढं धरली.