भाईंचा साकव

भाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कमरेखालचेच दिसले. लग्न होऊन मी नुकतीच कराडहून वालावलजवळच्या या वाडीत आले होते. स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले असताना वर काहीतरी कडाडलं, कौलं फुटून खाली आली आणि त्यांच्या मागोमाग दोन पाय आले. चुलीच्या वर ते अधांतरी लोंबत होते. एकात चप्पल होती, दुसऱ्यातली आमटीत पडली होती. मी किंचाळले. तेवढ्यात छपरावरून अगदी शांत आवाज आला, "भियाव नको गो बाये. मी भाई, शेजारचो. तुमची कौला परतूक चढलंय."

सासूबाई अंगणातून आल्या. वर बघून म्हणाल्या, "भाई, पेज खातलंस?"

"आधी माका काढा, मगे खातंय."

भाई निष्काळजी नव्हते. उलट कुठलंही काम दहादा विचार करून करत, आणि तरीही व्हायचं ते होई. त्यांनी पाडलेला नारळ नेमका पाहुण्यांच्या गाडीच्या काचेवर पडे. म्हशीला बांधायला गेले तर म्हैस मोकळी आणि दावं यांच्याच पायात. बायकोसाठी त्यांनी हौसेनं न्हाणीघरात नळ बसवला, तो सुरू झाला आणि पुढे दोन दिवस बंदच होईना. एवढं सगळं झाल्यावर कपाळाचा घाम पुसून ते म्हणत, "मोडला तर मोडला. परत करूया." आणि खरंच परत करत. आमचं छप्पर त्यांनी त्याच आठवड्यात पुन्हा शाकारलं. त्यानंतर ते कधी गळलं नाही, हे मात्र वाडीत कुणी सांगत नसे. सांगायचे ते पायांचं.

त्यांची बायको सुलभावहिनी अंगानं किरकोळ, बोलायला मोजकी. बायका विहिरीवर तिला नवऱ्यावरून खोदून विचारत, "कसे गो दिस काढतंस ह्या घोवावांगडा?" ती आधी कळशी भरून घेई. मग म्हणे, "माझो घोव पडता, कारण तो उठान कामाक जाता. तुझो खंयसून पडतलो? तो पडवेत बसान आसा."

आमच्या वाडीच्या तोंडाशी एक व्हाळ आहे. उन्हाळ्यात त्यातून चपला न काढता जाता येतं, पण पावसात कमरेइतकं पाणी आणि ओढही मोठी. त्यावरचा जुना साकव, म्हणजे ओंडक्या-फळ्यांचा छोटा पूल, एका पावसात वाहून गेला. पक्का पूल होणार असं सगळेच ऐकून होते, म्हणून कुणी काही करत नव्हतं. त्याच श्रावणात सासूबाईंना न्यूमोनिया झाला. कुडाळला न्यायचं तर व्हाळ ओलांडणं भाग होतं. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. भाई धावत आले आणि खुर्चीचा पाय धरायला वाकले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "तू नको रे भाई. तू बाजूक रव."

भाई बाजूला झाले. छातीशी मिटलेली छत्री धरून ते खुर्चीच्या बाजूनं पाण्यातून चालत राहिले. सासूबाईंवर छत्री धरावी हेही त्यांना सुचलं नाही, इतकं ते वाक्य त्यांना लागलं होतं. मी त्यांच्या मागेच होते. त्यांची मान मी त्या दिवशी पहिल्यांदा खाली गेलेली पाहिली.

सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या. पाऊस ओसरला आणि भाईंनी आपल्या बागेतले दोन माड तोडले.

"साकव घालतंय," ते म्हणाले.

वाडी पोट धरून हसली. भाई आणि साकव! माझ्या नवऱ्यानं समजावलं, "भाई, सगळे मिळून बघूया पुढच्या वर्षी." भाई म्हणाले, "पुढच्या वर्षी कोणाक ताप येवचो नाय असा लिहून दितास?" मग ते ओंडके एकटेच व्हाळाकडे ओढू लागले. दुसऱ्या टोकाला दोरी धरून वहिनी.

पहिला साकव पुरा झाला त्या दिवशी बरीच गर्दी जमली होती. भाई मधोमध गेले, हात वर करून उभे राहिले आणि साकवासकट खाली बसले. फळ्या दोन्हीकडून वर उडाल्या. मध्ये चिखलानं माखलेले भाई, डोक्यावर पोफळीची झावळ. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत कसालच्या बाजारात लोक ते एकमेकांना दाखवत होते, आणि आठवड्यात ते आणखी कुठं कुठं पोचलं, देव जाणे.

मग कुडाळहून एक तरुण आला. असले व्हिडिओ करणं हाच त्याचा धंदा. तो मुद्दाम पुस्तकी मराठीत बोलत होता. "काका, इंग्लंडमध्ये पूर्वी टीव्हीवर एक मालिका होती. त्यातला नवरा असाच सगळीकडे पडतो, सगळं मोडतो. सगळा देश हसायचा. आपण तुमची तशीच मालिका करू. दर आठवड्याला एकदा पडायचं, बस्स. पैसे मी देतो."

त्यानं मोबाइलवर ती मालिका लावली. आम्ही पडवीत दाटीवाटीनं बसून पाहिली. भाषा कुणाला कळत नव्हती, पण तो नवरा जिन्यावरून घसरला, दारासकट बाहेर पडला, छपराला लोंबकळला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं भाईच हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी हसली नाही. ती त्यातल्या बायकोकडे टक लावून बघत होती. "बायल बरी आसा," ती म्हणाली. "घोवाक सोडून पळाक नाय."

डोळे पुसून भाईंनी विचारलं, "ह्यो खराच पडता?"

"नाही हो काका. तालीम करून, ठरवून."

भाईंनी मालिका बंद केली. मग मोबाइल त्याच्या हातात देत म्हणाले, "मगे ह्यो मोठो माणूस. त्येचा पडणा ही कला. माझा पडणा ही चूक. माझी चूक मी इकूचंय नाय."

"पण लोक तर फुकट हसतातच ना तुम्हाला!"

"हसांदेत. फुकट हसतत तवसर मी माझो आसंय. पैसे घेतलंय की माका पडाचाच लागतला." आणि उठून म्हणाले, "च्या घेवन जा. माका व्हाळार काम आसा."

तो चहा न घेताच गेला. भाई गेले व्हाळावर.

दुसरा साकव व्हायला फाल्गुन उजाडला. या वेळी ओंडक्यांची टोकं त्यांनी काठावरच्या कातळात बसवली. दोनदा बोट ठेचलं, एकदा हातोडी पाण्यात गेली, ती शोधता शोधता स्वतःही गेले. अखेर साकव उभा राहिला आणि पुन्हा गर्दी जमली. निम्म्यांच्या हातात मोबाइल होते. पाय टाकायला मात्र कुणी पुढे येईना. भाई पाऊल उचलणार तोच वहिनी त्यांना मागे सारून पुढे झाली. तिच्या डोक्यावर भरलेला हंडा होता. ती खाली न बघता चालत गेली. मधली फळी कुरकुरली तशी ती थांबली, सावकाश वळली आणि त्या सगळ्या मोबाइलांकडे बघून म्हणाली, "काढलास? आता खिशात घाला आणि चलाक लागा."

कुणीच हललं नाही. तेव्हा माझ्या सासूबाई काठी टेकत पुढे आल्या. माझ्या नवऱ्यानं हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. "भाई," त्या म्हणाल्या, "तू हात दी."

भाईंनी हात सदऱ्याला पुसून पुढे केला. आजारातून उठलेली ती म्हातारी त्यांच्या आधारानं पलीकडे गेली आणि त्यांच्याच आधारानं परत आली. त्यानंतर वाडी चालू लागली.

त्या साकवानं दोन पावसाळे काढले. गेल्या माघात भाई दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. ना धक्का, ना आवाज. वहिनी चहा घेऊन गेली तेव्हा कळलं.

समाचाराला सगळी वाडी जमली.  मग एकानं नळाची गोष्ट काढली, दुसऱ्यानं म्हशीची, आणि दुःखाच्या घरात हसू फुटलं. लगेच सगळे ओशाळून गप्प झाले. कुणीतरी पुटपुटलं, "चुकला गो, वयनी."

भिंतीला टेकून बसलेल्या वहिनीनं पदरानं डोळे पुसले. "हसा," ती म्हणाली. "तोय हसायचो. पण हसान झाला की हातोडे घेवन व्हाळार येवा. साकवाची मधली फळी वायच हलता, आणि आता ती ठोकूक तो येवचो नाय."

एवढं बोलून ती उठली आणि सगळ्यांच्या आधी चालू लागली.