ईशान्य कोपऱ्यातले कलश

निवृत्त होऊन बराच काळ लोटला. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी 'एखादी केस सांगा' म्हटलं, की माझ्या डोळ्यांसमोर सर्वांत आधी उभी राहते ती जमिनीची केस. त्यात कुणी कुणावर हात उचलला नव्हता. तरीही तिने मला जे शिकवलं, ते खुनाच्या तपासांनी शिकवलं नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वाशी-बेलापूरकडे इमारती उठत होत्या, पण कळंबोली-कामोठ्याच्या बाजूला बहुतेक भातखाचरंच होती. मुंबईतल्या चाळी-चाळींतून मात्र एकच बोलणं चालायचं: तिकडे आत्ताच जागा घेऊन ठेवा, पुढे हात लावता येणार नाही. कारकून, शिपाई, कारखान्यातले कामगार, सगळ्यांना जमिनीत उतरायचं होतं. हाताशी पैसा थोडा, म्हणून इसार देऊन बाकी हप्त्याने. अशा लोकांना गाठणारे एजंटही आपोआप उगवले होते.

एके सकाळी हजेरी आटोपून मी केबिनमध्ये बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदार कुणावर तरी डाफरत होता. "चांदी सापडली म्हणतोस आणि तुझी नाही म्हणतोस. मग कोणाची? नीट बोल."

मी त्या माणसाला आत बोलावलं. तळोज्याच्या एका रसायनाच्या कारखान्यात तो कामगार होता, मूळचा मराठवाड्याचा. टॉवेलात गुंडाळलेला तांब्याचा छोटा कलश त्याने माझ्या टेबलावर ठेवला. आत सुपारी, एक नाणं आणि चांदीचं इवलंसं कासव.

"सायेब, हे माझ्या जागेत सापडलं. माझं न्हाई. कुणाचं असंल त्याला द्या."

"तुमच्या जागेत म्हणजे कुठे?"

"कामोठ्याकडं. प्लॉट घेतलाय, हप्त्यानं. आमी बौद्ध. एजंट म्हणला भूमिपूजन करू, भटजी आणतो. मी म्हणलं, आमच्यात नसतं. मग पौर्णिमेला मी अन् मंडळी दोघंच गेलो. त्रिशरण-पंचशील म्हणलं आणि पिंपळाचं रोप लावायला कोपऱ्यात खणाय लागलो. माती भुसभुशीत होती म्हणून तिथंच खणलं. तर हे निघालं."

मी कलश हातात फिरवला. तांबं अजून लखलखत होतं. आतल्या सुपारीवरची हळद पिवळीधमक होती. म्हणजे कुणीतरी हल्लीच, त्याच जमिनीवर, स्वतःची समजून भूमिपूजन केलं होतं. समोरच्या माणसाला याचा अर्थ कळला नव्हता. तो बिचारा दुसऱ्याची वस्तू परत करायला आला होता.

"बसा," मी म्हटलं. "कागद काय आहेत तुमच्याकडे?"

इसाराची एक पावती, हप्त्याच्या काही पावत्या. सातबारा पाहिलेला नव्हता. एवढी घाई कशाला केली, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"आडनाव सांगितलं की खोली भाड्यानं भेटत न्हाई, सायेब. दोनदा सामान बाहेर काढलंय आमचं. मंडळी म्हणली, माझी कानातली फुलं मोडा, पर जागा आपली पायजे. तिथं कुणी इचारणार न्हाई."

मी त्याची फिर्याद लिहून घेतली. अर्ध्या वाटेत, आपली जागा दुसऱ्यालाही विकलेली आहे, हे त्याच्या लक्षात आलं. मग तो टॉवेलाची घडी करत राहिला. मला फार वाईट वाटलं, आणि एजंटाचा त्याहून जास्त राग आला.

तलाठ्याकडून उतारा मागवला. ती जमीन कधीच सरकारी संपादनाच्या नोटिशीत गेलेली होती. गावातल्या मूळ शेतकऱ्याला बोलावलं, तर तो म्हणाला, "आमी त्या एजंटाला पयलेच सांगलंवतं, नोटीस आयली हाय. तो बोलला, मी बगून घेन." पुढचा धागा एजंट ज्यांना पूजेला आणायचा, त्या पनवेलच्या भटजींनी दिला. त्या रस्त्याला त्यांनी एजंटाच्या सांगण्यावरून बऱ्याच पूजा सांगितल्या होत्या. "खड्डा तो आधीच खणून ठेवायचा. मला वाटलं वसाहत होतेय, शेजारशेजारचे प्लॉट असतील," ते म्हणाले. यजमान कुठले, कुणाचा कारखाना कोणता, हे त्यांना आठवत होतं. त्यावरून आणखी सहा कुटुंबं सापडली. एकालाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता, कारण प्रत्येकाला वेगळ्या रविवारी आणलं होतं. आणि यातल्या कुणीही कागद मागितले नव्हते. मी विचारलं, की जवळजवळ सारखंच उत्तर यायचं: "साहेब, पूजा झाली ना. पूजा कुणी खोट्या जागेवर करतं का?"

एजंटाला अटक केली. चाळिशीचा, गोड बोलणारा, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. पोलीस कोठडी मिळाली, पण दोन दिवस तो हटला नाही. प्लॉट वेगवेगळे आहेत, नकाशा पाहा, हद्दीचे दगड गुरांनी पाडले असतील, हेच पालुपद. असल्या माणसावर आवाज चढवून उपयोग नसतो. तो आवाजाला तयारच असतो. मी त्याला चहा दिला आणि पंचांना घेऊन जागेवर चलायला सांगितलं.

फिर्यादी आणि ती सहा कुटुंबं तिथे उभी होती. ईशान्य कोपऱ्यात खणायला लावलं. वीतभर अंतराने एकेक कलश वर येऊ लागला. बायका आपापला ओळखत होत्या. कुणी कलशाच्या गळ्याला बांधलेल्या दोऱ्यावरून, कुणी आतल्या नाण्यावरून. एक बाई कलश पोटाशी धरून तिथेच रडायला लागली. तिला समजावून तो मुद्देमालात घ्यावा लागला, आणि ते काम मला अजिबात आवडलं नाही.

सगळ्यांचे निघाले. फिर्यादीने आणलेलाही त्यातल्याच एका कुटुंबाचा ठरला. तरी हवालदाराची पहार आणखी खोल कशाला तरी लागली. हिरवट पडलेला एक जुना कलश निघाला. आत कासवाबरोबर चांदीची जोडवी. हा कुणाचाच नव्हता.

"हा कोणाला विकलात?" मी विचारलं.

एजंट खाली मातीत बसला. इस्त्रीच्या पॅन्टसकट. "तो माझा आहे," तो म्हणाला. "जोडवी हिची."

मग सगळं बाहेर आलं. शिवडीकडे एका कंपनीत तो कारकून होता. नव्या शहराचं ऐकून त्याने शेतकऱ्याला इसार दिला होता. नोटिशीचं शेतकऱ्याने सांगितलं, पण सरकार नोटिसा काढतं आणि विसरतं, असा त्याचा हिशेब होता. मोठ्या थाटात भूमिपूजन केलं. नंतर कळलं, जमीन गेली आणि पैसेही गेले. "आपले तेवढे सोडवून घ्यावेत म्हणून ऑफिसातल्या एकाला ती विकली, साहेब. त्याचे परत करायचे म्हणून दुसऱ्याला. मग लोक आपणहूनच यायला लागले. जमिनीत उतरायला पैसा नाही, हिंमत लागते, असं मी सगळ्यांना सांगायचो. मलाही कुणीतरी असंच सांगितलं होतं."

एक गोष्ट विचारल्याशिवाय मला राहवेना. "हे कलश काढून का नाही घेतलेत? चांदी होती, आणि पुरावाही हाच होता."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी भलतं बोललो. "पूजेचं पुरलेलं उकरत नाहीत, साहेब. पाप लागतं."

मला हसूही येईना आणि रागावताही येईना. सात घरं बुडवताना न लागलेलं पाप त्याला तिथे आडवं आलं होतं.

खटला उभा राहिला, शिक्षा झाली. पैसे मात्र फारसे कुणाच्या हाती लागले नाहीत, ते केव्हाच संपले होते. निकालानंतर कोर्टाच्या हुकमाने मुद्देमाल परत करायचा होता. सहाही कुटुंबं येऊन आपापला कलश घेऊन गेली. एजंटाची बायको येऊन, मान खाली घालून, जोडवी घेऊन गेली. फिर्यादीही आला होता. ज्याच्यामुळे केस उघडकीला आली, त्याला सही करून घ्यायला काहीच नव्हतं, कारण त्याने तिथे काही पुरलंच नव्हतं.

मला राहवलं नाही. त्याला बसवून मी सगळं समजावून सांगितलं. आधी सातबारा पाहायचा, नाव कुणाचं ते बघायचं, संपादनात आहे का ते तलाठ्याला विचारायचं, आणि मगच इसाराचं बोलायचं. थोड्या पैशातल्या माणसाने तर हे आधीच करायला हवं, कारण त्याला दुसरी संधी नसते.

"बरोबर हाय, सायेब," तो म्हणाला. "पर तलाठ्याकडं गेलो होतो मी. त्यानं दारातूनच वाटंला लावलं, उद्या ये म्हणून. एजंटानं शेजारी खुर्चीवर बसवलं, च्या पाजला. माज्या मंडळीला ताई म्हणला."

माझी सगळी शिकवणी तिथेच संपली. आम्ही लोकांना अडाणी, लोभी म्हणून मोकळे होतो. हा माणूस लोभाने गेला नव्हता. ज्याने त्याला बसायला जागा दिली, त्याच्यावर त्याने विश्वास टाकला. ज्यांच्याकडे खरी माहिती होती, त्यांनी त्याला उभंही राहू दिलं नव्हतं. पुढच्या सगळ्या नोकरीत फसवणुकीची फिर्याद आली, की हा माणूस आधी कुणाकडे गेला होता आणि तिथे त्याला कसं वागवलं, हे मी विचारू लागलो. उत्तर बहुतेक वेळा सारखंच असायचं.

वर्षा-दोन वर्षांनी तो पुन्हा आला. थोडे पैसे साठले होते आणि कळंबोलीच्या पुढची एक जागा कुणीतरी दाखवली होती. या वेळी मी त्याच्याबरोबर तलाठ्याकडे गेलो, मुद्दाम गणवेशात. तलाठ्याने लगबगीने उठून मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. आणखी एक खुर्ची मागवली आणि ती येईपर्यंत उभा राहिलो. मग फिर्यादी बसला, त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच सर्व्हे नंबर सांगून विचारलं, "संपादनात हाय का?"

तलाठ्याने वही काढून पाहिलं आणि 'हो' म्हटलं. फिर्यादी उठला, खिशातलं पाकीट चाचपलं आणि मला म्हणाला, "चला सायेब. आज च्या माझ्याकडून."