चारठाण्याचा मुराळी

चारठाण्यात मन्मथअप्पांचं किराण्याचं दुकान होतं, पण घर चालायचं ते बैलगाड्यांवर. इकडून कापूस आणि ज्वारी सेलूच्या स्टेशनला जायची, तिकडून मीठ, गूळ, घासलेट आणि कापडाचे गठ्ठे यायचे. अप्पा आणि त्यांचे दोघं भाऊ मिळून हा धंदा बघायचे. नागपंचमी जवळ आली की मात्र अप्पा गाड्यांवरचा माल उतरवायला लावायचे. बैलांची शिंगं घासायची, गाडीत कडबा टाकून वर गोधडी अंथरायची, आणि गाड्या निघायच्या गावच्या लेकी आणायला.

ज्यांच्या दारात गाडीबैल होते त्यांना अप्पांची गरज नव्हती. ज्यांच्या दारात नव्हते, त्यांच्या लेकींनी पंचमीला सासरीच बसून दुसऱ्यांच्या पोरींचे झोके बघायचे, असं आधी चालायचं. अप्पांनी ते मोडलं. कुणी भाड्याचं विचारलं की म्हणायचे, "बैल बसून राहिले की आळशी होतात. उलट तुमीच माझ्यावर उपकार करायलाव." कुणी दानधर्म म्हटलं की चिडायचे. धाकट्या भावानं एकदा कुरकुर केली, तर त्यालाच गाडी हाकायला बसवलं. तो परत आला तेव्हा गाडीत चार पोरी हसत होत्या आणि त्याचा आवाज गाऊन गाऊन बसला होता. पुन्हा तो बोलला नाही.

गाडी अप्पांची, पण मुराळी घरचा. मुराळी म्हणजे लेकीला न्यायला आलेला माहेरचा माणूस. बाप असेल, भाऊ असेल. त्यानं सासरी उतरायचं, चुलीपुढं बसून जेवायचं, मग लेकीला उठवायचं. अप्पा स्वतः लिंगायत वाणी, गळ्यात लिंग, गावातल्या मठाचे पंच. त्यांना बाहेरचं अन्न चालत नसे. म्हणून गाडीत त्या त्या पोरीचा बाप बसायचा आणि जेवणाचं तो बघायचा.

बानूबाई मल्हारी धनगराची एकुलती एक लेक. दुधनेकाठच्या गावात ग्यानबाला दिली होती. दरवर्षी अप्पांच्या गाडीतून मल्हारी यायचा, दुरूनच "बानू गं" म्हणून हाक द्यायचा. त्या वर्षी चैतात मेंढरांमागं फिरता फिरता मल्हारीला ताप भरला आणि तो वाटेतच गेला. निरोप आला तेव्हा बानूचं लेकरू गोवरानं फणफणलं होतं. तिला जाता आलं नाही. बाप गेल्यावर आईच्या गळ्यात पडून ती अजून रडलीच नव्हती. पंचमीला जाईन तेव्हा रडेन, असं तिनं मनाशी धरलं होतं आणि तोवर कामं उपसत होती.

तिची सासू दगडाबाई तोंडानं फटकळ. "तुझा बाप गेला, भाऊ तुला न्हाई," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "आता कोण यायचं? एक पंचमी चुकली की माहेर तुटलं म्हणून समज. माझं असंच तुटलं."

"अप्पाची गाडी येईल, आत्या."

"गाडी आली तर चारा खाईल आन् परत जाईल. गाडी काय मुराळी असती का?"

त्यात महायुद्धाचे दिवस. सरकारनं शेतकऱ्यांकडून सक्तीच्या लेव्हीचं धान्य उचलायचा सपाटा लावला होता. ते धान्य स्टेशनवर न्यायला गाड्या लागत, आणि सरकारला गाडी लागली की भाडं ठरवायची पद्धत नव्हती. चपराशी यायचा, बैल सोडून न्यायचा. ग्यानबा सेलूच्या बाजाराला बकरी विकायला गेला होता, तो तोंड पाडून आला.

"अप्पाच्या गाड्या टेसनावर दिसल्या," तो बायकोला म्हणाला. "समद्या. सरकारी पोती भरायलेत. गाडीवान म्हणला, पंचमी झाल्याबिगर सुटत न्हाई."

लेकराला पाठीशी बांधून बानू शेण भरायला गेली आणि अंधार पडेपर्यंत आली नाही.

पंचमी दोन दिवसांवर आली तेव्हा, दुपारी, दारात एक माणूस उभा राहिला. धोतर गुडघ्यावर, पाय काळ्या चिखलात पोटऱ्यांपर्यंत माखलेले, जोडे हातात, काखेत गाठोडं. डोक्यावरचा पटका भिजून एका बाजूला लोंबत होता.

"कोण हाय?" दगडाबाईनं विचारलं.

"चारठाण्याचा मुराळी."

दगडाबाईनं त्याच्या मागं वाकून बघितलं. "कुठं हाय?"

"ह्यो काय, उभा हाय."

बानूनं आवाज ओळखला. तिनं अप्पांना दुकानाच्या गादीवर पाहिलं होतं, गाडीच्या पुढ्यात पाहिलं होतं. चालत आलेले अप्पा तिनं कधी पाहिले नव्हते.

दगडाबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, ओट्यावर घोंगडी टाकली. पण बोलायचं ते बोललीच. "अप्पा, तुमी लांबून आलाव, मोठी माणसं. पर मला सांगा, बानूचे तुमी कोण?"

"गावची लेक हाय. मल्हारी न्हाई, म्हणून मी आलो."

"गावची लेक म्हणायला जीभ झिजत न्हाई. आमच्यात मुराळी चुलीपुढं जेवतो. तुमच्यात आमचं पाणी तरी चालतंय का?"

"माय, गप की," ग्यानबा पुटपुटला.

"तू मेंढरं बघ जा." ती पुन्हा अप्पांकडं वळली. "रागावू नका. गाडी आली असती तर म्हणलं असतं, गाडीवानाला काय बोलायचं. तुमी सोयरं म्हणून आलाव, तर सोयऱ्यावाणी बसा. न्हाईतर लोकं म्हणतील, दगडाबाईनं सून कुण्या वाटसराबरूबर लावून दिली."

मठाच्या पंगतीत कोण बसायचं आणि कोण नाही, हे अप्पांसमोर ठरत आलं होतं. एकदोघांना उठवताना ते हजर होते. दाराआड उभ्या बानूला वाटलं, आता अप्पा काहीतरी गोड बोलतील, व्यापाऱ्याला शब्दांची काय कमी, आणि कुणाचंच मन न मोडता उठून जातील. तिनं लेकराला घट्ट धरलं.

"थोडं पाणी द्या," अप्पा म्हणाले. "आधी पूजा करतो. पूजेबिगर मी घरीबी जेवत न्हाई."

धनगराच्या ओट्यावर, घोंगडीवर बसून त्यांनी गळ्यातलं लिंग काढलं, डाव्या तळहातावर घेतलं, पाणी घातलं, डोळे मिटले. ग्यानबा जागच्या जागी उभा राहिला. दगडाबाईची मात्र आत धांदल उडाली. तिनं सुनेला कोपऱ्यात ओढलं. "अगं, हा खरंच जेवायला बसला. ते पातेलं राखेनं घास. चांगलं घास. येसराची आमटी लय तिखट झालीय का गं? जरा पाणी घाल."

"पाणी घातलं तर पातळ होईल, आत्या."

"मग गूळ टाक. वाण्याला गूळ आवडतो."

अप्पा वाकून आत आले आणि चुलीपुढं बसले. भाकरी, भाजून दळलेल्या येसराची आमटी, वर कांदा. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला नाक वाहू लागलं. दगडाबाई पदर तोंडाला लावून बघत होती. एक भाकर संपली तशी ती थांबली.

"वाढा की," अप्पा म्हणाले. "मुराळ्याला एका भाकरीवर उठवायचा रिवाज हाय का तुमच्यात?"

दगडाबाईनं भाकरी वाढली. मग ती सुनेला म्हणाली, "बघतीस काय, लुगडं बदल. उजेडात निघा."

वाटेत काळ्या रानाचा चिखल पायाला बिलगत होता. बानू धनगराची पोर, ती झपाझप पुढं जायची आणि थांबायची. अप्पा धापा टाकत मागून यायचे. पुढं त्यांनी तिचं लेकरू खांद्यावर घेतलं, तेव्हा कुठं दोघांची चाल जुळली.

"अप्पा, गावात कळलं तर?"

"कळंलच. मीच सांगणार हाय. दुसऱ्यानं सांगितलं की त्यात मीठमिरची पडती. मिरची आज लय झाली."

बानू हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. अप्पा लेकराला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेऊन चालत राहिले. चारठाण्याच्या वेशीशी बानूची आई भिवराबाई बसून होती. लेकीला बघून ती उठली, आणि मग मायलेकी वेशीतच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. येणारे-जाणारे वळसा घालून गेले.

अप्पांनी खरंच सगळ्यांना सांगितलं. बायकोला, पार्वतीबाईला, सगळ्यात आधी. ती म्हणाली, "जेवलाव ते जेवलाव. पोट ठीक हाय ना?" पंचांना सांगितलं, तेव्हा पंच जमिनीकडं बघत बसले. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मठात पंगत बसली, अप्पांना बोलावणं आलं नाही. शिधा मात्र दरसालसारखा त्यांच्याच दुकानातून गेला होता. सगळे पोटभर जेवले. अप्पांच्या गव्हाला विटाळ लागत नव्हता, अप्पांच्या पानाला लागत होता. असली अक्कल शहाण्या माणसांनाच सुचते. अप्पांनी शिधा पुढंही बंद केला नाही, आणि माफी मागायलाही गेले नाहीत. काही वर्षांनी पंच कंटाळले आणि बोलावणं आलं.

त्यानंतर दर पंचमीला बानूकडं गाडी आली की पुढ्यात अप्पाच असायचे. दगडाबाई शेजारणींना सांगायची, "आमचा मुराळी तिखट खातो." खरं तर ती त्या दिवशी मिरची मोजून घालायची.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. निजामाच्या राज्याचे ते शेवटचे महिने. वाटा बंद, माणसं गावं सोडून पळत होती. झोपेतच गेले म्हणतात. त्यांच्या रिवाजाप्रमाणं बसवूनच पुरलं. बानूला बातमी आठवड्यानं कळली, तीही एका मेंढक्याकडून. जायला वाट नव्हती. ती ओट्यावर येऊन बसली. धनगराच्या सुनेनं वाण्यासाठी उघड रडावं का, रडली तर कोण काय म्हणेल, तिला सुचेना.

दगडाबाई आतून आली. तिनं चुलीवरचं कालवण उतरवून चूल विझवली होती. हातात पाण्याची घागर होती. काही न विचारता तिनं ती लुगड्यानिशी बसलेल्या बानूच्या डोक्यावर रिती केली, घरचं माणूस गेल्यावर करतात तशी.

शेजारच्या चतुराबाईनं कुडावरून डोकावलं. "काय गं दगडे, वाण्याचं सुतक धनगराला कधीपास्नं?"

"भाऊ गेला तिचा," दगडाबाई म्हणाली. "तुझ्या घरच्या दोन भाकरी दे. आज आमची चूल बंद हाय."

मग तिनं घागर पुन्हा भरली आणि ती स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतली.