केळीच्या ट्रॉलीमागे तिसरा नंबर

"आजी, हेल्मेट उलटं घातलंय तुम्ही."

स्टार्ट लाइनवर शेजारी उभ्या असलेल्या पूजाने हे सांगितलं, तेव्हा शिट्टी वाजायला दोन मिनिटं होती. धूलकोटची कॉलेजातली पोर. मी हेल्मेट फिरवलं आणि 'मला माहीत होतं' असा चेहरा केला. तो चेहरा मी नोकरीत शिकले होते.

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची अल्लड मुलगी होते. आता नातवंडं मला शहाणी समजतात, म्हणून खरं काय ते लिहून ठेवते.

नोकरी एएनएमची. म्हणजे गावोगाव जाऊन लस टोचणारी सिस्टर. घर बऱ्हाणपुरात, उपकेंद्र शाहपूर रोडवर. बाकीच्या सिस्टर स्कूटीवर गेल्या, मी सायकलवरच राहिले. कॅरिअरला लशीचा निळा डबा, आत बर्फाच्या पिशव्या. थंडीच्या दिवसांत घरी येताना वारा नेमका तोंडावर यायचा. त्यावर माझा उपाय ठरलेला. केळीचे घड घेऊन मंडीकडे निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली आली की तिच्या मागे सायकल लावायची. समोरचा वारा ट्रॉली अडवते, आपण निवांत. ड्रायव्हर ओळखीचे, त्यांची पोरं माझ्या सुईला रडलेली. सिस्टरबाई दिसली की ते वेग कमी करत.

मग शहरातल्या एका क्लबने बायकांची रेस ठेवली. बऱ्हाणपूर ते शाहपूर आणि परत. पहिल्या तिघी इंदूरला, विभागाच्या रेसला जाणार. ते वाचलं आणि मला इंदूर हवंच झालं. तोवर इंदूर मी ट्रेनिंगला, नाहीतर कुणाच्या ऑपरेशनला पाहिलेलं. स्वतःसाठी एकदाही नाही.

सायकल सुनेची घेतली. सोनलने ती बारीक व्हायला आणली होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होते.

डॉक्टरसाहेबांना सांगितलं तर ते हसले. "सिस्टर, ये उमर है रेस की?"

"फॉर्मवर वरचं वय लिहिलेलं नाही सर."

"सोमवारी टीकाकरण आहे. लंगडत येणार तुम्ही."

"लंगडले तरी लस मी हाताने टोचते सर, पायाने नाही."

शिट्टी वाजली. दोन पोरी सुसाट पुढे गेल्या, त्या पुढे दिसल्याच नाहीत. पंचांची एकुलती एक मोटरसायकल त्यांच्यामागे गेली. तिसऱ्या जागेसाठी उरलो मी आणि पूजा. शाहपूरपर्यंत बरोबरीने गेलो. परतताना वारा समोर आला आणि माझे गुडघे बोलायला लागले. पूजा हळूहळू पुढे सरकली. हातभर, मग दहा हात. इंदूर माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

रस्ता काही बंद केलेला नव्हता. शेतातल्या वाटेवरून केळीची ट्रॉली वर आली. ड्रायव्हर सुकदेवभाऊ. त्यांच्या तिन्ही पोरांचे डोस माझ्या हातचे.

"ओ सिस्टरबाई! आज सुट्टी नाही का?"

"रेस आहे भाऊ!"

"मग अशा काय रेंगता? या ना मांगे!"

मी गेले. विचारसुद्धा केला नाही, पाय आपणच वळले. भाऊंनी आरशात बघत वेग माझ्या बेताने ठेवला. घडांचा चीक टी-शर्टवर ठिबकत होता आणि मी गुणगुणत होते. आम्ही पूजाला मागे टाकलं तशी ती ओरडली, "आजी, असं नका करू!"

मला वाटलं, पोरगी जळते.

शहराच्या तोंडाशी भाऊ मंडीकडे वळले, मी सरळ फिनिश लाइनवर. तिसरी! सोनल नाचायला लागली. पूजा मागून आली, सायकल आडवी टाकली आणि खाली मान घालून बसली.

आणि मग कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी तो दोन हातांनी धरला. आईवडिलांचे, सुनेचे, डॉक्टरसाहेबांचे आभार मानले. शेवटी म्हणाले, "आणि खास आभार सुकदेवभाऊंचे! त्यांनी ट्रॉलीमागे घेतलं नसतं, तर मी आत्ता वाऱ्याशीच भांडत असते!"

टाळ्या वाजल्या. पंच वाजवत नव्हते.

"मॅडम, गाडीच्या मागे चालवली तुम्ही?"

"रोजच चालवते!" मी अभिमानाने म्हणाले.

त्यांनी नियमांचा कागद काढला. सायकलवाल्याच्या मागे सायकल लावून वारा चुकवणं, त्याला ड्राफ्टिंग म्हणतात, ते चालतं. मोटारगाडीच्या मागे लावली की डिस्क्वालिफाय, म्हणजे नाव कट. खाली माझी झोकदार सही होती. लशीचं कार्ड वाचत नाहीत म्हणून गावभरच्या आयांना रागावणारी मी, कागद गुडघ्यावर ठेवून सही करून मोकळी झाले होते.

माइक चालूच होता. म्हणजे माझं नाव कटलेलं सगळ्या बऱ्हाणपूरने ऐकलं.

पूजाला विचारलं, "तू पाहिलंस ना? मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला ओरडून सांगितलं होतं आजी. त्यांना काय सांगायचं?"

इंदूरला ती गेली. जाण्याआधी तीन आठवडे रोज सकाळी माझ्याकडे यायची. पुढच्या सायकलच्या चाकापासून वीतभर अंतर ठेवून न घाबरता कसं चालवायचं, ते तिला शिकायचं होतं. ट्रॉलीमागे अठ्ठावीस वर्षं काढलेल्या बाईला तेवढं एकच येत होतं. पाळीपाळीने एक पुढे, एक मागे, असं आम्ही शाहपूरपर्यंत जायचो. पुढच्या वर्षी मी कुणाच्या ट्रॅक्टरशिवाय पाचवी आले. इंदूरला गेलेच, पूजाच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन. ना ट्रेनिंग, ना ऑपरेशन.

तो टी-शर्ट अजून आहे. केळीचा चीक निघत नाही. सोनलने सगळ्या पावडरी वापरून पाहिल्या.

धडा एवढाच, की सही करण्याआधी कागद वाचावा. सुकदेवभाऊ आजही रस्त्यात भेटले की वेग कमी करतात. रेस असेल त्या दिवशी मी हात हलवून त्यांना पुढे पाठवते. नसेल त्या दिवशी मागे जाते, आणि माइकपासून लांब राहते.