संतोषनं वाचवलेली म्हैस

माझ्या तोंडून गोष्ट ऐकली की ऐकणाऱ्याला ती डोळ्यांसमोर दिसते, असं माझं स्पष्ट मत आहे. (घरातल्यांचं मत वेगळं आहे, ते सोडा.)

म्हणूनच माझ्या धाकट्या भावाला, संतोषला, बघायला भोकरदनहून पाहुणे येणार म्हटल्यावर मी जालन्याहून रजा टाकून पिंपळगाव रेणुकाईला हजर झालो. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं हल्ली किती अवघड! आधीचे पाहुणे "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच. त्यात संतोष मुखदुर्बळ. आईनं मला बजावलं, "अविनाश, तू लई बोलू नको बरं." ऐकायला हवं होतं.

पाहुणे आले. कल्पना, म्हणजे मुलगी, स्वतः घर बघायला आली होती. पोहे झाले. तिच्या वडिलांनी विचारलं, "पोरगं काय करतं मंग?"

संतोष म्हणाला, "शेती."

झालं! संपलं! एका शब्दात! मला राहवेना.

"मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो," म्हणत मी सरसावून बसलो. आभाळ काळंकुट्ट केलं. वारा सोडला. विजा पाडल्या. आमची म्हैस पाय घसरून थेट शेततळ्यात! (इथे आवाज खाली आणायचा असतो.) "गळ्यापर्यंत पाणी... डोळे पांढरे... आणि आमच्या संतोषनं धाडकन उडी टाकली!" कल्पनाच्या आईनं पदर तोंडाला लावला. मला चेवच आला. संतोषनं एकट्यानं म्हैस ओढून काठावर आणली, तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

संतोष पोह्यातले शेंगदाणे निवडत होता.

"एकट्यानं?" वडील म्हणाले. "आमच्याकडं बी शेततळं हाये. तळ्यात आथरलेल्या प्लास्टिकच्या पन्नीवरून पाय सटकतो, माणूस एकटा वर येत न्हाई."

"बिलकुल एकट्यानं!"

"चला मंग, म्हैस दाखवा."

सगळे गोठ्यात! म्हैस एवढी मोठी आहे हे माझ्याही लक्षात नव्हतं. वडिलांनी म्हशीकडे पाहिलं, संतोषच्या दंडाकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ माझ्याकडे.

कल्पनानं संतोषलाच विचारलं, "खरं काय झाल्तं?"

मी खाकरलो. डोळे मिचकावले. काही उपयोग झाला नाही.

"मी पडल्तो," संतोष म्हणाला. "आईनं दोर टाकला. दुसरं टोक म्हशीला बांधलं. म्हशीनं मला वढलं."

"आन् विजा? पाऊस?"

"ऊन होतं."

गेलं लग्न! आई माझ्याकडे बघतच नव्हती. तेवढ्यात कल्पना फिसकन हसली आणि गोठ्याच्या खांबाला धरून हसतच राहिली.

"बाबा, मला पसंत हाये," ती डोळे पुसत म्हणाली. "ह्यांना खोटं बोलता येत न्हाई."

"बराबर हाये," वडील म्हणाले. "पण लग्नात माईक ह्या थोरल्याच्या हातात द्यायचा न्हाई."

लग्न थाटात झालं. (माईक मामांनी धरला.) आता सणाला घर भरलं की कल्पनाच आग्रह करते, "दादा, म्हशीची गोष्ट सांगा ना!" मी आभाळ काळं करतो, विजा पाडतो, सगळे श्वास रोखतात. मग ती नवऱ्याकडे वळते, "हं, आता तुम्ही."

संतोष म्हणतो, "ऊन होतं." घर हसून लोळतं, आणि एवढा पाऊस पाडणाऱ्या माणसाला कुणी चहासुद्धा विचारत नाही!