एका कार्डामागची सात नावं

अनंत धुरी गेल्याचं त्याच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी फणसवाडीतल्या घरी दाढी करत होतो. अर्धी राहिलेली कशीबशी उरकली आणि टॅक्सीने काळाचौकीला पोचलो. त्याच्या दोन खोल्यांत उभं राहायला जागा नव्हती. सुलभावहिनींनी मला पाहिलं आणि गावाहून आलेल्या दिराला म्हणाल्या, "हे मोरूभाऊजी. दुकानातल्या त्या भानगडीत ह्यांच्या बाजूने बोलणारे हे एकटेच." त्या दिराने माझे दोन्ही हात धरले. मागे माणसं, पुढे माणसं, दारापर्यंत जाता येईना. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि लोकांना वाटलं मी रडतोय. त्याला आता दीड महिना झाला. ती भानगड काय होती आणि मी काय बोललो होतो, ते लिहायला मी आज बसलो आहे.

अनंत आणि मी एकाच महिन्यात दादरच्या एका मोठ्या किराणा दुकानात काउंटरवर लागलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, ती पुढे विकली गेली. अनंताला माणसं पाठ असत. गिऱ्हाईक पायरी चढतंय तोवर हा त्याचा तांदूळ काढायला लागायचा. मला माणसं लक्षात राहत नसत, आकडे राहायचे. मी कामावरून सुटल्यावर कॉम्प्युटरचे वर्ग केले, चार नोकऱ्या सोडल्या नाहीत की धरल्या नाहीत, तिथेच चिकटून राहिलो आणि परळच्या मुख्य कचेरीत कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख झालो. अनंत लालबाग शाखेचा प्रमुख झाला. "साहेब झालास मेल्या," तो म्हणाला, "आता तुला भेटायला चिठ्ठी पाठवावी लागणार."

तोवर प्रत्येक शाखेची बिलं त्या शाखेच्याच मशिनमध्ये पडून असत. दादरला गिरगावचं कळत नसे. मी सगळ्या शाखांची बिलं एका ठिकाणी, एका साच्यात आणून कायमची साठवायची योजना मांडली. त्याला आम्ही डेटा वेअरहाउस म्हणायचो. पहिला नियम मीच लिहिला : इथे एकदा आलेली नोंद पुसायची नाही, बदलायची नाही. जुनं जसंच्या तसं राहिलं तरच वर्षावर्षांची तुलना करता येते. मग त्या ढिगात मशिनला शोधायला लावायचं, कोण काय घेतं, कशाबरोबर काय घेतं, कोण यायचं थांबलंय. गिरगावात गणपतीआधी तांदळाची पिठी घेणारे मोदकाचे साचेही शोधतात, पण साचे आम्ही दुसऱ्या टोकाला स्टीलच्या भांड्यांत ठेवले होते. ते पिठीशेजारी आणले आणि संपले. मालक खूष झाले. ग्राहक ओळखता यावा म्हणून प्रत्येक घराला एक कार्ड दिलं, खरेदीवर गुण, गुणांवर भेटवस्तू. एक कार्ड म्हणजे एक कुटुंब, हे मालकांना मीच सांगितलं होतं.

पहिला मोठा अहवाल निघाला आणि लालबागचं चित्र विचित्र दिसलं. ग्राहक अगदी थोडे. पण एकेका कार्डावर दिवसातून पाच-सहा वेळा खरेदी, सकाळी साखर, तासाभराने पुन्हा साखर, दुपारी परत. अस्वाभाविक वाटतील अशी कार्डं मशिनने वेगळी काढली, आणि ती जवळपास सगळी लालबागची होती. वरच्या मजल्यावर अर्थ लावला गेला : शाखेला खरं गिऱ्हाईक नाही, शाखाप्रमुख खोट्या नोंदी करून विक्री दाखवतोय.

अनंताला चौकशीची चिठ्ठी गेली. दुसऱ्या दिवशी तो परळला माझ्या टेबलासमोर येऊन बसला आणि खिशातून एक कार्ड काढून पालथं ठेवलं. मागे त्याच्या टपोऱ्या अक्षरात सात नावं होती. सावंत, परबमावशी, बारा नंबरवाले, गवाणकर, शिंदे, कोपऱ्यातल्या ताई, नवे भाडेकरू.

"हे काय?"

"चाळीचा दुसरा मजला. एक कार्ड, सात चुली. सगळ्यांचे गुण एकत्र झाले तर मोठा टोप मिळतो. एकेकट्याला काय, चमचे मिळणार. त्यांना सत्यनारायणाला मजल्याचा टोप हवाय."

"अरे, पण नियम एका घराचा आहे ना?"

"त्यांच्या हिशोबी मजला म्हणजे एकच घर, मोरू. मी कोणाला नको म्हणू? तुझा कॉम्प्युटर कार्डं मोजतो, चुली मोजत नाही. एवढंच दाखव उद्या मीटिंगमध्ये. बाकी मी बघतो."

मला लगेच कळलं. एका क्षणात. आणि हेही कळलं की हे कार्ड मी दाखवलं तर प्रश्न लालबागचा राहणार नाही. परळला चाळी आहेत, गिरगावला आहेत. एक कार्ड एक कुटुंब हेच चूक असेल, तर अहवालाचा पायाच गेला, आणि त्या पायावर माझा विभाग उभा होता. दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, "शहानिशा केलीय ना?" कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात होतं. मी म्हणालो, "हो. डेटा बरोबर आहे." ते खोटंही नव्हतं... प्रत्येक बिल खरं होतं. मी फक्त पुढचं वाक्य बोललो नाही.

शाखा बंद झाली. अनंताला दादरला परत आणलं, बदलून द्यायच्या मालाच्या काउंटरवर. ज्या दुकानात आम्ही सुरुवात केली तिथेच तो निवृत्त झाला. मी त्याला सांगितलं होतं, "बोललो रे, पण ऐकलं नाही त्यांनी." तो म्हणाला, "तू बोललास ना, बस." हे त्याने घरी सांगितलं, चाळीत सांगितलं, दर दिवाळीला मी फराळाला गेलो की नव्या माणसाला सांगितलं. मी चिवडा खात बसायचो. खरं सांगायला दर वर्षी एक वर्ष जास्त उशीर झालेला असायचा.

तो गेल्यावर मी माझ्या हाताखाली शिकलेल्या एका बाईंना फोन केला. त्या आता नव्या मालकांकडे तेच काम पाहतात. लालबाग शाखेपुढे अजून शेरा आहे : बंद, कारण बनावट ग्राहकनोंदी. "तो बदलता येईल का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, तिथलं काही बदलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

म्हणून गेल्या आठवड्यात सुलभावहिनींकडे गेलो आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पालथं केलं, एकेक नाव वाचलं. परबमावशींपाशी किंचित हसल्या. मग विचारलं, "हे ह्यांनी तुम्हाला मीटिंगमध्ये द्यायला दिलं होतं ना?"

"हो."

"मग अजून तुमच्याकडे कसं?"

मी सगळं सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. बाहेर गॅलरीच्या भिंतीला मजल्याचा टोप पालथा टेकवलेला होता. त्यांच्या मजल्यानेही तो तसाच मिळवला होता. मग त्या म्हणाल्या, "दर दिवाळीला तुमच्यासाठी बेसनाचे लाडू वेगळे काढून ठेवायचे ते." मी पेपरात लिहीन म्हणालो. "लिहा. त्यांचं नाव पूर्ण लिहा." मी उठलो तेव्हा त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं.

"वहिनी, ते तुमचं आहे."

"नको. एवढी वर्षं सांभाळलंत, आता तुमच्याकडेच राहू दे."

अनंत शांताराम धुरी यांनी एकही खोटी नोंद केली नव्हती. कार्ड मी चष्म्याच्या घरात ठेवतो. वाचायला चष्मा काढला की आधी ती सात नावं वर येतात. चष्म्याशिवायही मला ती वाचता येतात.